बॅरी फिट्झजेरल्ड आणि ‘रंगमंचावरचा आयरिशमन’ : प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी बोलपटांतून जगभर पोहोचलेल्या आयरिश नटांमध्ये बॅरी फिट्झजेरल्ड (1888–1961) याचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. बुटका बांधा, दाट भुवया, घोगरा आवाज आणि भांडायला निघाल्यासारखी पुढे काढलेली हनुवटी असा हा नट अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हॉलिवूडमध्ये पाय ठेवतो, नायक म्हणून त्याचा विचार करण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तरीही पुढच्या दीड दशकात ‘आयरिश म्हातारा’ म्हटल्यावर प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे त्याचाच चेहरा उभा राहू लागतो. हे यश साधेसुधे नव्हते; पण ज्या नाट्यसंस्थेने त्याला घडवले ती संस्था आयर्लंडची नेमकी अशीच लोभस, विनोदी, पिऊन बरळणारी प्रतिमा पुसून टाकण्यासाठी स्थापन झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या यशाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. त्याच्या कारकिर्दीचा विचार या विसंगतीपासूनच सुरू करावा लागतो.

ज्याला ‘स्टेज आयरिशमन’, म्हणजे रंगमंचावरचा आयरिशमन, म्हणतात ते पात्र लंडनच्या रंगभूमीवर सतराव्या शतकापासून रुळलेले होते. बडबड्या, बढाईखोर, दारूबाज, भांडणाला सदैव तयार, मनाने भोळा आणि इंग्रजी बोलताना हमखास घसरणारा असा हा साचा होता, आणि ज्या देशावर राज्य करायचे त्या देशाच्या माणसांना हास्यास्पद ठरवण्याची सोय त्यात आपोआप होत असे. एकोणिसाव्या शतकात डब्लिनमध्ये जन्मलेल्या डायन बूसिको या नाटककाराने ‘द शॉकरॉन’ (1874) यांसारख्या नाटकांतून त्या पात्राला हजरजबाबी आणि चतुर केले खरे, पण साचा मोडला नाही, उलट तो अधिक विकाऊ झाला. डब्ल्यू. बी. येट्स, लेडी ग्रेगरी आणि त्यांचे सहकारी यांनी आयरिश साहित्यिक रंगभूमीची कल्पना मांडली तेव्हा या विदूषकाला हद्दपार करणे हा त्यांचा एक जाहीर हेतू होता. 27 डिसेंबर 1904 रोजी डब्लिनमध्ये ॲबी थिएटर उघडले, त्यासाठी ॲनी हॉर्निमन या इंग्रज महिलेने पैसा पुरवला, आणि पहिल्या दशकातच या छोट्या नाट्यगृहाने युरोपभर नाव कमावले; रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘डाकघर’चा इंग्रजी प्रयोगही 1913 साली तेथेच झाला. प्रतिमेचा प्रश्न मात्र सुटला नाही. 1907 साली जे. एम. सिंज याच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ या नाटकावर प्रेक्षकांनी दंगा केला, कारण बापाला मारल्याची बढाई मारणाऱ्या पोराला डोक्यावर घेणारे खेडूत त्यांना आपल्या देशाची बदनामी वाटले. आयरिश माणसाने आयरिश माणसाला रंगमंचावर कसे दाखवायचे, या वादाचा हा तापलेला काळ होता, आणि त्याच वातावरणात एक सरकारी कारकून संध्याकाळी कचेरी सुटल्यावर तालमींना येऊ लागला.

त्याचे खरे नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. जन्म 10 मार्च 1888 रोजी डब्लिनच्या पोर्टोबेलो भागात, एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. वडील ॲडॉल्फस शील्ड्स हे कामगार चळवळीतले कार्यकर्ते होते आणि पुढे 1916 च्या उठावाचा एक नेता ठरलेल्या जेम्स कॉनोलीला 1896 साली डब्लिनला बोलावून आणण्यात त्यांचा वाटा होता. आई जर्मन होती. 1911 च्या सुमारास विल्यम सरकारी नोकरीत शिरला, प्रथम व्यापार मंडळाच्या आणि पुढे बेकारांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत काम करू लागला, आणि नाटकात काम केल्याचे वरिष्ठांना रुचणार नाही म्हणून त्याने बॅरी फिट्झजेरल्ड हे नाव घेतले. पुढे जगाने त्याला ओळखले ते या पळवाटेच्या नावाने. त्याचा आठ वर्षांनी धाकटा भाऊ आर्थर शील्ड्स हाही ॲबीचा नट होता, पण स्वभावाने वेगळा. 24 एप्रिल 1916 च्या ईस्टर सोमवारी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव सुरू झाला तेव्हा आर्थरने नाट्यगृहात दडवून ठेवलेली आपली बंदूक उचलली, तो लढला, पकडला गेला आणि वेल्समधील फ्रॉनगॉख येथील छावणीत स्थानबद्ध झाला. थोरला भाऊ नोकरीवर राहिला. दोघा भावांमधील या फरकावरून थोरल्याला भित्रा ठरवण्याचे कारण नाही. अठरा वर्षे खर्डेघाशी करत रोज संध्याकाळी रंगमंचावर उभे राहणे यालाही एक प्रकारची चिकाटी लागते. शिवाय कचेरीच्या खिडकीपलीकडे उभी राहणारी, कामाच्या शोधात असलेली किंवा कामाला चतुराईने टाळणारी माणसे त्याने वर्षानुवर्षे जवळून पाहिली होती, आणि त्याच्या सर्वांत मोठ्या भूमिकेला या निरीक्षणाचा उपयोग झाला नसेल असे मानणे अवघड आहे.

ती भूमिका म्हणजे शॉन ओकेसीच्या ‘जूनो अँड द पेकॉक’मधील ‘कॅप्टन’ बॉयल. नाटकाचा पहिला प्रयोग 3 मार्च 1924 रोजी झाला. कथानक 1922 मधील यादवी युद्धाच्या काळात, डब्लिनच्या एका टेनमेंटमध्ये घडते. एके काळच्या श्रीमंतांच्या हवेल्या पुढे खोल्याखोल्यांनी भाड्याने देण्यात आल्या, दर खोलीत एक बिऱ्हाड कोंबले गेले, आणि पडझडीला आलेल्या अशा इमारतींना टेनमेंट म्हणत. बॉयल एकदा कधी तरी कोळशाच्या बोटीवर लिव्हरपूलपर्यंत जाऊन आलेला, पण बोलणे सातासमुद्रांचे; कामाचे नाव निघाले की त्याचे पाय दुखू लागतात. पहिल्या अंकात बायकोशी भांडून तो न्याहारी करण्यास बाणेदारपणे नकार देतो, आणि ती बाहेर पडून घर शांत झाल्यावर गुपचूप तव्यावर सॉसेज टाकून गुणगुणू लागतो. एवढ्याशा प्रसंगात या माणसाचा सारा स्वाभिमान आणि त्या स्वाभिमानाची किंमत कळून येते. अशा जागी नटाने विनोद ओढून काढला की पात्र संपते. फिट्झजेरल्डबद्दलच्या समकालीन साक्षी वाचल्यावर लक्षात येते ते असे, की आपण हास्यास्पद आहोत याचा पत्ता बॉयलला लागू न देण्यात त्याचे कौशल्य होते. तो बढाईदेखील एखाद्या न्यायाधीशाच्या गांभीर्याने मारत असे.

पुढे एका मृत नातेवाइकाच्या वारशाची बातमी येते, त्या भरवशावर बॉयल उधारीने फर्निचर आणतो, ग्रामोफोन येतो, नवा सूट येतो. मृत्युपत्र चुकीच्या शब्दांत लिहिले गेल्यामुळे वारसा मिळत नाही. मग शिंपी सूट घेऊन जातो, दुकानाची माणसे सामान उचलतात, मुलगी गरोदर अवस्थेत एकटी पडते आणि मुलाला फितुरीबद्दल गोळी घातली जाते. बायको जूनो मुलीला घेऊन निघून गेल्यावर रिकाम्या खोलीत बॉयल आणि त्याचा लोचट मित्र जॉक्सर झिंगून येतात, आणि जगाची घडी कशी विस्कटली यावर बॉयल भाष्य करतो, पण मुलगा मेला आणि बायको गेली याचा त्याला पत्ताही नसतो. या शेवटच्या प्रवेशात पहिल्या अंकातलाच माणूस, त्याच लकबींसह, उभा असतो. बदललेली असते ती खोली. प्रेक्षक ज्या गोष्टींवर दोन अंक हसला त्यांचे देणे घरातल्या बायकांना फेडावे लागले, हे ओकेसी कोणाच्याही तोंडून न सांगता दाखवतो. रंगमंचावरचा आयरिशमन येथे सर्व लक्षणांसह हजर आहे, मात्र त्याच्या विनोदाचे बिल प्रथमच मांडले गेले आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख या मुद्द्यावर आहे: बॉयल आणि हॉलिवूडमधील फिट्झजेरल्डचे म्हातारे यांच्यात अभिनयाच्या तंत्राचा फरक थोडा आहे, फरक आहे तो हे देणे कथानकात शिल्लक राहते की नाही याचा.

जूनोच्या भूमिकेत सारा ऑलगुड, जॉक्सर म्हणून एफ. जे. मॅककॉर्मिक आणि मुलगा जॉनी म्हणून आर्थर शील्ड्स असा तो नटसंच होता. दोन वर्षांनी, फेब्रुवारी 1926 मध्ये, ओकेसीचे ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ आले आणि 1916 च्या उठावाकडे टेनमेंटमधील माणसांच्या नजरेतून पाहण्याचे धाडस प्रेक्षकांतील अनेकांना सहन झाले नाही. चौथ्या दिवशी प्रेक्षक रंगमंचावर चढले, नटांशी झटापट झाली, फ्लूथर गुड या सुताराची भूमिका करणाऱ्या फिट्झजेरल्डने त्यांतल्या एकाला ठोसा लगावल्याचे सांगतात, आणि येट्सने पुढे येऊन गोंगाटातच श्रोत्यांची कानउघाडणी केली. ज्याचा भाऊ त्या उठावात प्रत्यक्ष लढला होता त्या नटावर देशद्रोही नाटकात काम केल्याचा ठपका यावा, यातली विपरीतता वेगळी सांगायला नको. 1928 साली ॲबीने ओकेसीचे ‘द सिल्व्हर टॅसी’ नाकारले, ते ऑक्टोबर 1929 मध्ये लंडनला रंगमंचावर आले, आणि त्यातल्या भूमिकेसाठी फिट्झजेरल्डने अखेर सरकारी नोकरी सोडली. तेव्हा त्याचे वय एकेचाळीस होते.

या रंगमंचीय कामगिरीचा पुरावा आज फारच तुटपुंजा आहे आणि अभ्यासकाची खरी अडचण तेथे आहे. आल्फ्रेड हिचकॉकने 1930 मध्ये ‘जूनो’वर बोलपट काढला, ऑलगुडला जूनो म्हणून घेतले, पण बॉयल मात्र एडवर्ड चॅपमन या इंग्रज नटाकडे गेला आणि फिट्झजेरल्डच्या वाट्याला सुरुवातीचे भाषण ठोकणाऱ्या वक्त्याची छोटी भूमिका आली. म्हणजे विसाव्या शतकातील आयरिश रंगभूमीवरची एक मोठी भूमिका, ती घडवणारा नट कॅमेऱ्यासमोर हजर असताना, चित्रित होता होता राहिली. 1936 मध्ये जॉन फोर्डने ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ करायला घेतले तेव्हा त्याने फिट्झजेरल्डसह ॲबीच्या काही नटांना हॉलिवूडला बोलावले. निर्मात्या आरकेओ कंपनीला तिकीटबारीसाठी तारका हवी होती म्हणून नायिका बार्बरा स्टॅनविक झाली. फोर्डने काम संपवल्यानंतर कंपनीने दुसऱ्याच्या हातून काही दृश्ये पुन्हा चित्रित करून घेतली, आणि ही तोडमोड चित्रपटाला भोवली. तरीही फ्लूथर गुड ही भूमिका त्यात टिकून आहे, आणि ज्याने ती रंगमंचावर प्रथम साकारली त्याच नटाच्या शरीरात ती पाहता येते. दारूच्या गुत्त्यातली त्याची उभे राहण्याची पद्धत, वाक्य संपण्याआधी खांदा उडवणे, समोरच्याचे बोलणे ऐकताना डोळे बारीक करणे, या गोष्टी ॲबीच्या शिस्तीतून आलेल्या आहेत. बोलणाऱ्या नटावरून प्रेक्षकांचे लक्ष हटू नये म्हणून बाकीच्यांनी अनावश्यक हालचाल टाळायची, असा त्या संस्थेचा संकेत होता. त्याच चित्रपटात उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्स हा आर्थर शील्ड्सने उभा केला आहे. वीस वर्षांपूर्वी तो ज्या उठावात बंदूक घेऊन उभा होता त्याच उठावाच्या देखाव्यात आता तो कॅलिफोर्नियातील स्टुडिओत उभा राहिला.

फिट्झजेरल्ड त्यानंतर हॉलिवूडमध्येच राहिला. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (1938) मधला पिणारा माळी, फोर्डचेच ‘द लाँग व्हॉयेज होम’ (1940) आणि ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ (1941), टारझनच्या एका चित्रपटातील किरकोळ काम, अशा भूमिकांची यादी लांब आहे आणि तिच्यातले पुष्कळसे पोट भरण्यापुरते आहे. स्टुडिओ पद्धतीत, म्हणजे मोठ्या कंपन्या नटांना पगारी नोकरांसारखे बांधून घेत त्या व्यवस्थेत, चरित्रअभिनेत्याचे काम पडद्यावर येताक्षणी ओळखू येणे हेच असे.

लिओ मॅकॅरी दिग्दर्शित ‘गोइंग माय वे’ (1944) ने चित्र पालटले. न्यूयॉर्कमधल्या कर्जात बुडालेल्या सेंट डॉमिनिक चर्चचा म्हातारा धर्मगुरू फादर फिट्झगिबन आणि त्याच्या जागी कारभार पाहायला गुपचूप पाठवलेला तरुण धर्मगुरू (बिंग क्रॉस्बी) यांची ही कथा. आपल्याला बाजूला सारण्यात आले आहे हे कळल्यावर म्हातारा पावसात घर सोडून जातो, पोलीस त्याला परत आणतात, आणि अंथरुणात बसवल्यावर पुस्तकांच्या कपाटातल्या एका पेटीतून व्हिस्कीची बाटली निघते. म्हातारी आई दर नाताळला आयर्लंडहून ती पाठवत असते. पेटी उघडताच सूर वाजू लागतात. हे दृश्य भावविवशतेच्या अगदी काठावर आहे, आणि ते तोल राखते ते फिट्झजेरल्डच्या शरीरभाषेमुळे: ग्लास हाती येईपर्यंतची लहान मुलासारखी अधीरता आणि तो आल्यावरचा धर्मगुरूला साजेसा संयम या दोहोंमधले अंतर तो एका श्वासात ओलांडतो. कॅथलिक आयर्लंडच्या मायाळू धर्मगुरूचे हे जगन्मान्य रूप एका प्रॉटेस्टंट नटाने घडवले, ही गोष्ट अमेरिकन प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावी.

या भूमिकेने पुरस्कारांच्या इतिहासात एक तांत्रिक पेचही निर्माण केला. तेव्हाच्या मतदानाच्या नियमांनुसार एकाच भूमिकेसाठी फिट्झजेरल्डला सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता अशी दोन्ही ऑस्कर नामांकने मिळाली. पहिला पुरस्कार क्रॉस्बीला आणि दुसरा त्याला मिळाला. पुढे नियम बदलण्यात आला आणि ही नोंद एकमेव राहिली. युद्धकाळातील धातूटंचाईमुळे त्या वर्षांतील पुतळे प्लास्टरचे होते, आणि घरात गोल्फचा सराव करताना त्याने आपल्या पुतळ्याचे डोके उडवले, ही हकिगत त्याच्या चरित्रात हटकून येते, बहुधा ती त्याच्या भूमिकांशी जुळते म्हणून. पुरस्काराचा पेच मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण नायक कोण आणि दुय्यम पात्र कोण हे ठरवण्याची स्टुडिओंची रीत ॲबीच्या नटाला लागूच पडत नव्हती; तेथे आज प्रमुख भूमिका करणारा नट उद्या दोन वाक्ये बोलायला विंगेतून येई.

‘जूनो’ आणि ‘गोइंग माय वे’ शेजारी ठेवले तर मघाशी मांडलेला मुद्दा उघड होतो. दोन्हींत कर्ज आहे. डब्लिनच्या खोलीतून उधारीचे सामान एकेक करून बाहेर जाते. न्यूयॉर्कच्या चर्चचे कर्ज एका गाण्याच्या विक्रीतून फिटते, चर्च जळते तरी पुन्हा उभे राहू लागते, आणि पंचेचाळीस वर्षांत न भेटलेली आई शेवटी दारात येऊन उभी राहते. युद्धाने थकलेल्या प्रेक्षकांना 1944 साली असा हिशेब हवा होता आणि मॅकॅरीने तो प्रामाणिकपणे दिला. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण नटाच्या बाजूने पाहता बॉयलसाठी कमावलेली प्रत्येक लकब येथे कोणालाही न दुखावता वापरता आली, आणि एकदा ती तशी वापरता येते हे कळल्यावर स्टुडिओंनी तिच्याकडून दुसरे काही मागितले नाही. अपवाद आहे तो ज्यूल्स डॅसिनच्या ‘द नेकेड सिटी’ (1948) चा. 1947 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या प्रत्यक्ष रस्त्यांवर चित्रित झालेल्या या गुन्हेपटात फिट्झजेरल्डचा लेफ्टनंट मल्डून चावटपणा ठेवूनही थकलेला दिसतो, आणि खऱ्या गर्दीत, खऱ्या उन्हात त्याचे बुटके शरीर पहिल्यांदाच एखाद्या नोकरदार माणसाचे वाटते. त्याला असे आणखी चित्रपट मिळायला हवे होते.

‘द क्वाएट मॅन’ (1952) हा त्याचा सर्वांत लोकप्रिय चित्रपट. 1951 च्या उन्हाळ्यात फोर्ड आपला चमू घेऊन मेयो परगण्यातील काँग या गावी गेला. फिट्झजेरल्डने रंगवलेला मिकलीन ओग फ्लिन हा घोडागाडी हाकणारा, पैजा लावून घेणारा आणि लग्ने जुळवणारा मध्यस्थ; आयर्लंडच्या ग्रामीण भागात असा मध्यस्थ दोन्ही घरांमध्ये हुंडा आणि जमिनीची बोलणी करीत असे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणा घेऊन आलेला फ्लिन मोडलेला पलंग पाहतो आणि रात्रीच्या भांडणाचा पार उलटा अर्थ लावतो. शब्द फुटण्याआधी त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य, आदर आणि किंचित मत्सर अशा क्रमाने जे उमटते ते ॲबीच्या रंगमंचावरही पाहता आले नसते. त्यासाठी कॅमेराच हवा होता. याच चित्रपटात नायक अखेर मिळालेला हुंडा भट्टीत टाकतो, आणि देण्याघेण्याचा प्रश्न अक्षरशः धुराबरोबर निघून जातो. गावातल्या प्रॉटेस्टंट धर्मगुरूच्या भूमिकेत आर्थर शील्ड्स आहे आणि त्याची बदली टळावी म्हणून सारे कॅथलिक गावकरी बिशपसमोर प्रॉटेस्टंट असल्याची बतावणी करतात. आयर्लंडच्या धार्मिक इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला हा विनोद हवेहवेसे स्वप्न वाटेल किंवा सोयीस्कर थाप. शील्ड्स बंधूंना तो कसा वाटला असेल याचा तर्क ज्याने त्याने करावा. त्याच उन्हाळ्यात, जुलै 1951 मध्ये, ॲबीची जुनी इमारत आगीत जळाली. त्या रात्री तेथे ‘द प्लाउ अँड द स्टार्स’चा प्रयोग झाला होता.

फिट्झजेरल्डचे मूल्यमापन करताना एफ. जे. मॅककॉर्मिकशी तुलना टाळता येत नाही. बॉयलचा जॉक्सर असलेला हा नट डब्लिनमध्येच राहिला, कॅरल रीडच्या ‘ऑड मॅन आऊट’ (1947) मधल्या शेल या भंगलेल्या, लोचट माणसाच्या भूमिकेने त्याने पडद्यावरही आपली जागा सिद्ध केली, आणि त्याच वर्षी तो मरण पावला. ॲबीच्या जाणकारांमध्ये मॅककॉर्मिकला थोर नट मानण्याची आणि फिट्झजेरल्डला देशाची गंमत विकणारा मानण्याची एक प्रवृत्ती दिसते. ती अन्यायाची आहे, कारण चाळिशीपर्यंत पगारी नोकरी करणाऱ्या माणसाने रंगभूमीच्या तुटपुंज्या बिदागीपेक्षा स्टुडिओचा करार पसंत केला तर त्याची निवड कलेच्या तराजूत तोलता येत नाही. मात्र त्या प्रवृत्तीत तथ्यांशही आहे, आणि पुढील प्रकरणांत फिट्झजेरल्डच्या भूमिकांची चर्चा करताना दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या आहेत. भूमिकांचा क्रम काळानुसार आहे. जेथे चित्रपट उपलब्ध आहे तेथे दृश्यांचे वर्णन तपशिलाने केले आहे, आणि रंगमंचावरील कामाविषयी मात्र नाटकाच्या संहितेत नटासाठी मोकळ्या सोडलेल्या जागांवरच भर दिला आहे.

अखेरच्या काळात तो डब्लिनला परतला. त्याचा शेवटचा चित्रपट ‘ब्रॉथ ऑफ अ बॉय’ (1959) ह्यू लिओनार्डच्या नाटकावर आधारलेला, ॲबीच्या नटांना घेऊन केलेला आणि एमेट डाल्टन याने निर्मिलेला होता. 1922 साली आयरिश नेता मायकेल कॉलिन्स याची हत्या झाली तेव्हा त्याच्यासोबत असलेला हा माजी सेनानी आता आयर्लंडमध्ये चित्रपटव्यवसाय उभा करण्याच्या खटपटीत होता. चित्रपटात फिट्झजेरल्ड हा जगातला सर्वांत वयोवृद्ध माणूस आहे, लंडनहून आलेल्या टेलिव्हिजनवाल्याला त्याचा वाढदिवस चित्रित करून दाखवायचा आहे, आणि कॅमेऱ्यासमोर बसण्याचे किती पैसे मिळणार यावर म्हातारा घासाघीस करतो. जानेवारी 1961 मध्ये डब्लिन येथे फिट्झजेरल्डचे निधन झाले.